शेती कार्यक्रम आणि श्रोता शेतकरी : खानदेशच्या संदर्भात काही विचार

शेतीतील नवे संशोधन विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावरून शेतकऱ्याच्या बांधापर्यंत नेणाऱ्या साधनांमध्ये रेडिओचे स्थान जुने व महत्त्वाचे आहे. जळगाव व धुळे जिल्ह्यांत आकाशवाणीच्या जळगाव केंद्राचे मध्यम लहरींवरील कार्यक्रम ऐकत शेतकऱ्यांची एक संपूर्ण पिढी मोठी झाली. पुढे धुळे येथे एफ.एम. केंद्र आले. आज रेडिओ मोबाइलमध्येही ऐकता येतो. साधन बदलले, तरी एक प्रश्न कायम आहे. शेती कार्यक्रम चांगला झाला की नाही, हे कशावरून ठरवावे? तज्ज्ञाची पदवी मोठी होती किंवा निवेदकाचा आवाज गोड होता, एवढ्यावरून ते ठरत नाही. कार्यक्रम ऐकून दुसऱ्या दिवशी शेतकऱ्याने शेतात काही वेगळे केले का, यावरून ते ठरते.

यासाठी कार्यक्रम करणाऱ्याला श्रोता नीट माहीत असावा लागतो. तो केव्हा ऐकतो, कोणत्या बोलीत विचार करतो, कोणत्या मापाने मोजतो आणि त्याची आजची अडचण कोणती, हे समजले पाहिजे. श्रोत्यानेही आपली गरज केंद्रापर्यंत पोहोचविली पाहिजे. हे दुसरे काम बहुतेक वेळा होत नाही. या लेखात दोन्ही बाजूंचा विचार केला आहे.

पुणे केंद्रावरील १९५६ चा प्रयोग

या विषयावर महाराष्ट्रात झालेला एक प्रयोग जगभर अभ्यासला गेला. कॅनडामध्ये १९४१ पासून शेतकऱ्यांची रेडिओ श्रोता मंडळे राष्ट्रीय पातळीवर सुरू झाली होती. वाचा, ऐका, चर्चा करा आणि कृती करा, हे त्यांचे सूत्र होते. त्याच धर्तीवर युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने १९५६ मध्ये पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत ग्रामीण श्रोता मंडळे स्थापन केली. तेव्हाचे पूर्व व पश्चिम खानदेश, म्हणजे आजचे जळगाव, धुळे व नंदुरबार हे जिल्हे, त्यात नव्हते. मात्र शेजारचा नाशिक जिल्हा होता.

प्रयोगाची रचना साधी होती. दहा आठवडे, आठवड्यातून दोन वेळा, अर्ध्या तासाचा कार्यक्रम प्रसारित होई. असे एकूण वीस कार्यक्रम झाले. गावातील मंडळाचे सभासद एकत्र बसून कार्यक्रम ऐकत व लगेच त्यावर चर्चा करीत. मंडळाचा निमंत्रक चर्चेतील शंका लिहून पुण्यास पाठवी आणि पुढील कार्यक्रमांत त्यांची उत्तरे दिली जात. या प्रयोगाचे मूल्यमापन टाटा समाजविज्ञान संस्थेने केले. त्यासाठी तीन प्रकारची गावे निवडली होती : श्रोता मंडळ असलेली, रेडिओ असूनही मंडळ नसलेली आणि रेडिओच नसलेली.

श्रोता मंडळाच्या गावांतील लोकांच्या माहितीत चांगली वाढ झाली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत तेवढी वाढ झाली नाही. म्हणजे फरक रेडिओ संचाने पडला नाही. एकत्र बसून ऐकणे, बोलणे आणि प्रश्नाला उत्तर मिळणे यामुळे तो पडला. काही मंडळांनी चर्चेवरच न थांबता विहिरी खोदणे, जातिवंत वळू व लेगहॉर्न कोंबड्या आणणे, बालवाडी सुरू करणे अशी कामेही हाती घेतली. या यशानंतर १९५९ पासून ही योजना देशभर विस्तारण्यात आली. कथाकार व्यंकटेश माडगूळकर यांनी पुणे केंद्रावर ग्रामीण कार्यक्रमांचे काम अनेक वर्षे केले, याचीही येथे आठवण ठेवावी. खेड्यातील माणूस कसा बोलतो व कसा ऐकतो, याची जाण असलेली माणसे या कामाला लाभली होती.

श्रोता ओळखणे म्हणजे काय?

१) वेळ : शेतकऱ्याचा दिवस घड्याळापेक्षा कामावर चालतो. पहाटे धारा काढणे व चारापाणी, दिवसभर शेतकाम, सायंकाळी पुन्हा गोठा. त्यातच शेतीपंपाची वीज रात्रपाळीत असेल, तर रात्री पाणी भरणारा शेतकरी सकाळचा कार्यक्रम ऐकेलच असे नाही. कापूस वेचणीत महिलांचा वाटा फार मोठा आहे, पण सायंकाळी कार्यक्रमाच्या वेळी त्या चुलीपाशी असतात. स्वच्छ वेचणी आणि कवडी कापूस वेगळा ठेवणे हा विषय पुरुषांच्याच कानी पडला, तर त्याचा उपयोग अर्धाच होतो. म्हणून महत्त्वाचा संदेश एकदाच देऊन भागत नाही. तो निरनिराळ्या वेळी पुन्हा सांगावा लागतो.

२) हंगाम : आकाशवाणीचे कार्यक्रम बरेच आधी आखलेले असतात. पाऊस मात्र त्या आराखड्याप्रमाणे पडत नाही. मृगाचा पाऊस लांबला असताना वेळेवर पेरणी केलेल्या पिकातील आंतरमशागत हा विषय लागला, तर श्रोता रेडिओ बंद करतो. कपाशीवरील गुलाबी बोंडअळीचे उदाहरण पाहा. अळी एकदा हिरव्या बोंडात शिरली की वरून केलेली फवारणी तिच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून ही माहिती पीक फुलोऱ्यावर येण्याच्या सुमारास, साधारण ४५ दिवसांचे पीक असताना मिळाली पाहिजे. हेक्टरी ५ कामगंध सापळे लावावेत. सलग ३ दिवस प्रत्येक सापळ्यात ८ किंवा अधिक पतंग आढळल्यास अथवा १० टक्के फुले वा हिरवी बोंडे किडलेली दिसल्यास उपाय योजावेत. डोमकळ्या दिसताच त्या तोडून नष्ट कराव्यात. हीच माहिती दिवाळीनंतर सांगितली, तर ती अचूक असूनही निरुपयोगी ठरते.

३) बोली : खानदेशची बोली एक नाही. धुळे जिल्हा व जळगावचा पश्चिम भाग अहिराणीचा. रावेर, यावल, भुसावळकडे लेवा व तावडी बोली. शिरपूर, चोपडा भागात सातपुड्याच्या पायथ्याशी पावरी व भिल्ल बोली, तर साक्रीच्या डोंगराळ भागात कोकणी. सर्व कार्यक्रम सर्व बोलींत करणे शक्य नाही. पण शेतातील वस्तूंची नावे तरी स्थानिक असावीत. केळी उत्पादक पुष्पोद्भवाची अवस्था म्हणत नाही, बाग निसवली म्हणतो. खोडवा पिकाला तो पिलबाग म्हणतो. लागवडीच्या हंगामाप्रमाणे त्याची बाग मृगबाग असते किंवा कांदेबाग असते. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी शाळेत गेल्या नव्हत्या, तरी घरच्या बोलीत त्यांनी शेतीचे व संसाराचे केवढे शहाणपण सांगितले, हे खानदेशाला वेगळे सांगावयास नको. बोलीत शास्त्र सांगता येत नाही, हा समज चुकीचा आहे.

४) माप : शिफारशी हेक्टरी असतात. शेतकरी एकरात, काही भागांत बिघ्यात, तर केळीच्या बाबतीत खोडांत मोजतो. माझी पाच हजार खोडे आहेत, असे तो सांगतो. फवारणीचे प्रमाण तो आपल्या १५ लिटरच्या पंपाला मोजतो. हे गणित कार्यक्रम करणाऱ्याने सोडवून दिले नाही, तर ते शेतकऱ्याला कानाने ऐकत, हातातले काम चालू ठेवून सोडवावे लागते. चुका होतात त्या येथेच.

ऐकण्यासाठी लिहिणे

छापील लेख पुन्हा मागे जाऊन वाचता येतो. रेडिओवरील वाक्य एकदा निसटले की निसटलेच. खालील दोन नमुने पाहावेत.

पहिला नमुना : "केळी पिकास प्रति झाड २०० ग्रॅम नत्र, ४० ग्रॅम स्फुरद व २०० ग्रॅम पालाश या रासायनिक खतांच्या मात्रा विभागून द्याव्यात."

दुसरा नमुना : "मंडळी, आज फक्त युरियाचं बोलू. हजार खोडांच्या बागेला पूर्ण हंगामात मिळून सुमारे ४३५ किलो युरिया लागतो. म्हणजे ४५ किलोच्या पावणेदहा गोण्या. हजार खोडांना पावणेदहा गोण्या. पण हा युरिया एकदम टाकायचा नाही, हप्त्याहप्त्यानं द्यायचा. सुपर फॉस्फेट आणि पोटॅशचा हिशेब पुढच्या वेळी सांगू."

दोन्ही नमुन्यांतील शास्त्र एकच आहे. २०० ग्रॅम नत्रासाठी ४६ टक्के नत्र असलेला युरिया ४३५ ग्रॅम लागतो, एवढाच हिशेब. पण पहिल्या वाक्यात तीन आकडे एकापाठोपाठ येतात आणि दुकानात काय मागायचे ते कळत नाही. दुसऱ्यात एकच गोष्ट सांगितली आहे, ती दोनदा सांगितली आहे आणि गोणीच्या भाषेत सांगितली आहे. (माती परीक्षण अहवाल, मिश्र खतांचा वापर व ठिबकमधून दिली जाणारी विद्राव्य खते यांनुसार प्रत्यक्ष मात्रा बदलावी.)

रेडिओवर भाषणासाठी बोलावणे आल्यास शास्त्रज्ञांनी व अनुभवी शेतकऱ्यांनीही पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

• एका भाषणात एकच विषय घ्यावा व त्यातील दोन-तीन मुद्देच सांगावेत.
• बोलण्याचा वेग मिनिटाला साधारण १०० ते १२५ शब्द ठेवावा. दहा मिनिटांच्या भाषणास हजार-बाराशे शब्द पुरतात.
• वाक्ये लहान असावीत. महत्त्वाचा आकडा दोनदा सांगावा.
• औषधाचे प्रमाण लिटरबरोबर पंपालाही सांगावे. ५ टक्के निंबोळी अर्क म्हणजे १०० लिटर पाण्यास ५ किलो निंबोळी, अर्थात १५ लिटरच्या पंपास पाऊण किलो.
• खर्च किती येईल व मजूर किती लागतील हे सांगावे. शेतकऱ्याच्या मनात पहिला प्रश्न तोच असतो.

आवड आणि गरज

श्रोत्यांना काय हवे, असे नुसते विचारले तर उत्तर बहुधा गाणी व बाजारभाव असे येते. ते खोटे नाही. दिवसभर राबलेल्या माणसाला करमणूक हवी असते आणि केळी किंवा कापूस विकायला काढलेल्याला भाव हवा असतो. कार्यक्रम करणाऱ्याचे कौशल्य ही आवड नाकारण्यात नाही व तिच्या पूर्ण आहारी जाण्यातही नाही. आवडीच्या सोबतीने गरजेची गोष्ट पोहोचविणे हे खरे कौशल्य होय.

इंग्लंडमधील उदाहरण बोलके आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे धान्योत्पादन वाढविण्याची निकड होती, पण रेडिओवरील शेती भाषणांचा प्रभाव कमी पडत होता. १९४८ मध्ये बर्मिंगहॅम येथे बी.बी.सी.ने शेतकऱ्यांची बैठक घेतली. लोकप्रिय साहस मालिकेसारखी उत्कंठा शेतीच्या कार्यक्रमात आणा, अशी सूचना त्या बैठकीत एका शेतकऱ्यानेच केली. त्यातून शेतकरी कुटुंबाची कथा सांगणारी 'द आर्चर्स' ही मालिका जन्मली. १९५१ पासून ती देशभर ऐकू येऊ लागली व आजही चालू आहे. तज्ज्ञांच्या भाषणांनी जे साधले नव्हते, ते एका श्रोत्याच्या सूचनेने साधले.

आपल्या देशात तमिळनाडूतील तंजावर भागात १९६० च्या दशकात ए.डी.टी.-२७ या भाताच्या वाणाचा प्रसार तिरुचिरापल्ली केंद्रावरील कार्यक्रमांमुळे इतका झाला, की लोक त्या वाणाला रेडिओ भात म्हणू लागले. तेथे रेडिओवरील माहितीला कृषी खात्याच्या बियाणे पुरवठ्याची व प्रात्यक्षिकांची जोड होती. जे बियाणे तालुक्याच्या दुकानात मिळत नाही, त्याची रेडिओवर स्तुती केल्याने श्रोत्याचा विश्वास मात्र उडतो.

एकट्याने ऐकणे व गटाने ऐकणे

आता खानदेशातील आजच्या अडचणींकडे वळू. केळीवरील कुकुंबर मोझॅक विषाणू (सी.एम.व्ही.) या रोगावर औषध नाही. रोगट झाड मुळासकट उपटून बागेबाहेर नष्ट करणे, माव्याचे नियंत्रण करणे, बागेत व भोवती काकडीवर्गीय पिके, मिरची, टोमॅटो न घेणे व तण काढणे हेच उपाय आहेत. रेडिओवर हे एका मिनिटात सांगून होते. पण हाताने लावलेले, पैसे मोजून आणलेले टिश्यूकल्चरचे रोप उपटणे सोपे नाही. त्यात शेतकऱ्याच्या मनात येते, मी उपटले आणि शेजाऱ्याने ठेवले तर मावा पुन्हा माझ्याच बागेत येणार. ही शंका रास्तच आहे.

गुलाबी बोंडअळीचेही तसेच. मान्सूनपूर्व लागवड टाळावी, डिसेंबरअखेर कपाशीचे शेत रिकामे करावे व फरदड घेऊ नये, ही शिफारस सर्वांना पाठ आहे. परंतु शिवारात दोघा-चौघांनी फरदड ठेवली, तर अळीला खाद्य मिळत राहते व पुढील हंगामात नुकसान सर्वांचे होते. थंडीत मात्र बागेला पाणी देणे, काडीकचरा पेटवून धूर करणे, घड झाकणे हे उपाय प्रत्येकाला आपल्या बागेपुरते करता येतात. तेथे वेळेवर मिळालेली सूचना पुरेशी असते.

म्हणजेच काही कामांना एकट्याने ऐकलेली माहिती पुरते, तर काही कामांना साऱ्या शिवाराचा निर्णय लागतो. आज मोबाइलमुळे माहिती पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त मिळते, पण जो तो ती आपल्यापुरती ऐकतो व पाहतो. बोंडअळी किंवा मोझॅक यांसारख्या प्रश्नांना एकत्र ऐकून एकत्र ठरविणे हाच मार्ग आहे. पुणे प्रयोगाचा हा धडा सहा-सात दशकांनंतरही उपयोगी आहे.

गावात श्रोता मंडळ कसे चालवावे?

१) १५ ते २० सभासद पुरेत. त्यात अल्पभूधारक व महिला अवश्य असाव्यात. शक्यतो एकाच शिवारातील लगतच्या शेतांचे मालक घ्यावेत.
२) एक अध्यक्ष व एक निमंत्रक निवडावा. निमंत्रक लिहिता-वाचता व नियमित असावा.
३) आठवड्यातून एक दिवस व जागा ठरवून घ्यावी. पार, मंदिर, ग्रामपंचायत कार्यालय किंवा सोसायटीचा ओटा चालतो.
४) कार्यक्रम ऐकल्यावर अर्धा तास चर्चा करावी. तीनच प्रश्न घ्यावेत : यातील काय आपल्याला लागू आहे? काय शंका आहे? आपण काय करणार?
५) ठरलेले काम, जबाबदार व्यक्ती व तारीख वहीत लिहावी. पुढील बैठकीची सुरुवात त्या नोंदीपासून करावी.
६) ज्यांना ऐकता आले नाही त्यांना सभासदांनी माहिती सांगावी.
७) महिन्यातून एकदा केंद्राला पत्र पाठवावे. कोणता कार्यक्रम उपयोगी पडला, कोणता पडला नाही व का, हे मोकळेपणाने लिहावे. नुसते कार्यक्रम आवडला असे लिहिल्याने कार्यक्रम करणाऱ्याला काहीच कळत नाही.

प्रश्न कसा विचारावा?

पत्रोत्तराच्या किंवा फोनवरील कार्यक्रमात 'माझी केळी पिवळी पडते, उपाय सांगा' असे प्रश्न येतात. केळी पिवळी पडण्याची कारणे अनेक आहेत. अपुऱ्या माहितीवर दिलेले उत्तरही अपुरेच राहते. म्हणून प्रश्नात पुढील बाबी द्याव्यात.

• पीक, वाण व लागवडीची तारीख; केळी असल्यास मृगबाग, कांदेबाग की पिलबाग.
• क्षेत्र किंवा खोडांची संख्या, जमिनीचा प्रकार, पाणी देण्याची पद्धत.
• लक्षण प्रथम केव्हा दिसले, जुन्या पानांवर की नव्या पानांवर, आणि शंभरातील किती झाडांवर.
• आतापर्यंत दिलेली खते व केलेल्या फवारण्या.

ही माहिती लिहिताना पुष्कळदा उत्तर शेतकऱ्याला स्वतःलाच सापडते, हाही एक फायदा आहे. तातडीच्या सल्ल्यासाठी २००४ पासून सुरू असलेल्या किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या निःशुल्क क्रमांकावर मराठीतून विचारणा करता येते. केळी संशोधन केंद्र व तेलबिया संशोधन केंद्र, जळगाव, कृषी महाविद्यालय, धुळे तसेच जवळच्या कृषी विज्ञान केंद्रातील तज्ज्ञांशीही संपर्क साधावा.

समारोप

आकाशवाणीवर २००४ पासून किसानवाणी हा कार्यक्रम सुरू झाला. २००६ च्या धोरणानुसार कृषी विद्यापीठे, कृषी विज्ञान केंद्रे व स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओ केंद्र चालविण्याची मुभा मिळाली. सातारा जिल्ह्यात म्हसवड येथील माणदेशी तरंग वाहिनी हे त्याचे एक उदाहरण होय. केंद्रे वाढली म्हणून ऐकणारा आपोआप वाढत नाही. त्याच्या वेळेला, त्याच्या बोलीत व त्याच्या मापात त्याच्याच प्रश्नाचे उत्तर मिळाले, तर तो ऐकतो. आणि तो प्रश्न त्याने विचारला तरच केंद्राला कळतो.

तरी खानदेशातील शेतकरी बंधू-भगिनींनी येत्या हंगामापूर्वी आपल्या शिवारापुरते एक श्रोता मंडळ स्थापन करावे, पहिल्या बैठकीत कपाशीची लागवड केव्हा करावयाची व शेत केव्हा रिकामे करावयाचे याच्या तारखा सर्वांनी मिळून ठराव्यात, आणि मंडळाचे पहिले पत्र केंद्राकडे पाठवावे.